‘टाकून आलाय’ म्हणण्याआधी

एसटी स्टँडवर सकाळची गर्दी होती. पन्नाशीचा एक माणूस बाकड्यावरून घसरत खाली फरशीवर बसला. शर्ट पाठीला चिकटलेला, बोटं थरथरत होती. कुठं जायचंय विचारलं तर उत्तर येईना, आलं ते जड जिभेचं, अर्धवट. ‘सकाळी सकाळीच टाकून आलाय,’ कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या पिशव्या जवळ ओढल्या. मीही ओढली.

चहाच्या टपरीवरच्या मावशी मात्र उठून आल्या. त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार आणि ओलंचिंब. ‘दादा, शुगर आहे का तुम्हाला?’ मान हलली. मावशींनी अर्धा पेला पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि त्याला गिळता येतंय ना हे बघत घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत तो सरळ बसला आणि आपली गाडी गेली का, असं विचारू लागला. सकाळी शुगरची गोळी घेतली होती, घाईत नाश्ता राहिला होता.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीराच्या ऊर्जेतला सुमारे 20 टक्के वाटा त्याला लागतो. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून येते आणि मेंदूजवळ तिचा साठा जवळजवळ नसतो. रक्तातली साखर दर 100 मिलिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ लागली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं. घाम, थरथर, धडधड ही त्याचीच लक्षणं. 54 च्या खाली गेली की मेंदूचीच उपासमार सुरू होते. शब्द सापडत नाहीत, तोल जातो, माणूस विनाकारण चिडतो, मदतीचा हातही झिडकारतो. दारूसुद्धा मेंदूच्या याच कामांवर घाला घालते, म्हणून बाहेरून दोन्ही चित्रं सारखी दिसतात.

अर्धांगाच्या झटक्यातही जीभ अशीच जड होते. फिट येऊन गेल्यावर माणूस काही वेळ भांबावलेला असतो. साखर फार वाढून रक्तात आम्ल साचलं तर श्वासाला नासत आलेल्या फळासारखा वास येतो आणि लोक तोही दारूचाच समजतात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात. बघ्यांचा ‘बेवडा आहे’ हा निकाल लागेपर्यंत ती मिनिटं निघून गेलेली असतात.

हा निकाल मदतीवर किती परिणाम करतो, ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोजलं गेलं. अर्व्हिंग पिलियाव्हिन आणि सहकाऱ्यांचा हा प्रयोग 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. मधे साडेसात मिनिटं न थांबणाऱ्या गाडीत एक तरुण ठरल्याप्रमाणे कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची, कधी अंगाला दारूचा वास आणि हातात कागदी पिशवीत गुंडाळलेली बाटली. पडणं तेच, डबाही तसाच. काठीवाल्याला 65 पैकी 62 वेळा कुणी ना कुणी आपणहून मदत केली. बाटलीवाल्याला 38 पैकी 19 वेळा.

‘स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं’ असं वाटलं की चीड येते, ‘बिचाऱ्याच्या हातात नव्हतं’ असं वाटलं की कळवळा. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांनी ही साखळी तपशिलात मांडली. मेल्विन लर्नर यांनी 1966 मध्ये त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवली. एका बाईला विजेचे झटके बसताहेत असं लोकांना दाखवलं. ज्यांना ते थांबवता येत नव्हतं, ते तिलाच कमी लेखू लागले. जग न्यायानं चालतं हा विश्वास टिकवायचा, तर दुखावलेल्याचीच काहीतरी चूक असायला हवी. ‘करावे तसे भरावे’ हे आपण किती सहज म्हणून टाकतो!

आणि समजा, तो खरंच प्यायलेला असेल तर? दारू पचवण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर तयार करायला कमी पडतं, त्यामुळे उपाशीपोटी प्यायलेल्याची साखर खरोखर कोसळू शकते. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. पडताना डोक्याला मार लागलेला असू शकतो. म्हणून निदान काहीही निघो, पहिल्या पाच मिनिटांतलं आपलं काम फारसं बदलत नाही. शुद्धीत असेल आणि मधुमेह असेल तर साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. फिट आलीय म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू असेल तर हळूच कुशीवर वळवा आणि जवळ थांबा. श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायला हवी.

दरम्यान कुणीतरी 108 ला फोन लावलेला असावा. फोनवर आपला तर्क सांगायचा नाही, दिसतं तेवढं सांगायचं: ‘पुरुष, वय पन्नासच्या आसपास, श्वास चालू आहे, अंग घामानं भिजलंय, बोलणं कळत नाही, दहा मिनिटांपूर्वी खाली बसला, फलाट क्रमांक तीनच्या समोर.’