सफरचंद-गंध (सुगंधरचनेतील)

सुगंधी रचनेत सफरचंदाचा भास निर्माण करणारी फलगंधी छटा. ती बहुधा शीर्षगंधात, म्हणजे सुगंध लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत जाणवते. हिरवट-आंबट, पिकलेली गोड आणि शिजवलेली किंवा पाकातली, असे तिचे तीन ढोबळ प्रकार मानतात. या सीमा काटेकोर नाहीत.

सुगंधनिर्मितीस उपयोगी पडेल असे बाष्पनशील तेल सफरचंदापासून व्यापारी प्रमाणावर काढले जात नाही. फळात सुमारे ८५ टक्के पाणी असते आणि गंधद्रव्ये अत्यल्प. रस आटवताना वाफेबरोबर जाणारा गंधांश परत मिळवता येतो. पण तो मुख्यतः पेये व खाद्यपदार्थांसाठी वापरतात. त्यामुळे बाटलीतले सफरचंद जवळजवळ नेहमीच जुळवलेले असते. सफरचंदासारखा वास असणाऱ्या इतर वनस्पतींपैकी रोमन कॅमोमाइलचे तेल महत्त्वाचे. त्यातील अँजेलिक आम्लाच्या एस्टरांमुळे (आम्ल व अल्कोहॉल यांच्या संयोगातून बनणाऱ्या संयुगांमुळे) त्याला हा वास येतो.

सफरचंदात तीनशेहून अधिक बाष्पनशील संयुगे नोंदली गेली आहेत, मात्र वासाची ओळख थोड्यांवरच अवलंबून असते. हेक्झिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट व २-मिथिलब्युटिल ॲसिटेट हे एस्टर पिकलेल्या फळाचा गोडसर भाग पुरवतात. फ्लॅथ व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये डिलिशस जातीच्या गंधार्काचे विश्लेषण केले. त्यात इथिल २-मिथिलब्युटिरेट, हेक्झॅनाल व ट्रान्स-२-हेक्झेनाल ही तीन संयुगे विशेष ठरली. हा निष्कर्ष सर्व जातींना सरसकट लावणे धोक्याचे आहे. शिवाय हेक्झॅनाल व हेक्झेनाल ही अल्डिहाइडे अखंड फळात फारशी नसतात. पेशी फुटल्यावर मेदाम्लांवर विकरांची (एन्झाइमांची) क्रिया होऊन ती तयार होतात. म्हणजे टोपलीतले आणि चावलेले सफरचंद रासायनिकदृष्ट्या एकाच वासाचे नसते. बाजारात ज्याला ‘ग्रीन ॲपल’ म्हणतात, तो पुष्कळदा यांतला दुसरा वास असतो. तापवलेल्या रसात बीटा-डॅमॅसिनोन वाढते. हे फळातील गंधहीन शर्कराबद्ध पूर्वद्रव्यांतून सुटते आणि पाण्यात अब्जांश भागाहूनही कितीतरी कमी असताना जाणवते.

या छटेचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. काही जण तो पोमेटम या जुन्या मलमापर्यंत मागे नेतात. इंग्रज वनस्पतितज्ज्ञ जॉन जेरार्ड याच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात सफरचंदाचा गर, डुकराची चरबी व गुलाबपाणी यांच्या चेहऱ्याला लावायच्या मलमाची नोंद आहे. पण त्याचा उपयोग कातडीचा खरखरीतपणा घालवण्यासाठी सांगितला आहे आणि वास बहुधा गुलाबपाण्याचा असावा. दुसरा पक्ष १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाकडे बोट दाखवतो. तेथे कृत्रिम फलार्क मांडले होते, त्यांत ‘सफरचंद तेल’ होते. रसायनशास्त्रज्ञ आउगुस्ट व्हिल्हेल्म होफमान याने ते अमिल अल्कोहॉलचे व्हॅलेरिक आम्लाशी झालेले एस्टर असल्याचे नोंदवले. परंतु असे फलार्क प्रामुख्याने मिठाईसाठी होते. सुगंधरचनेतील स्वतंत्र छटा या अर्थी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या फारसे मागे जाता येत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याचे कारण रसायनातच आहे. पीच-गंध देणारे गॅमा-अनडेकालॅक्टोन जड व टिकाऊ असल्याने गर्लेनच्या मित्सुको या सुगंधात (१९१९) मध्येच स्थिरावले. सफरचंदाचे हलके एस्टर मात्र चटकन उडून जातात आणि साबणातील अल्कलीत विघटित होतात.

ही अडचण दोन बाजूंनी सुटली. पहिली वाट गुलाबातून आली. फिर्मेनिश या सुगंधद्रव्यांच्या कंपनीतील देमोल व सहकाऱ्यांनी १९७० मध्ये बल्गेरियन गुलाबतेलातील बीटा-डॅमॅसिनोन प्रसिद्ध केले. त्याच्या कुळातील डॅमॅस्कोनांत गुलाब, आलुबुखार व शिजवलेले सफरचंद एकत्र भासतात. दियोरच्या पॉयझन (१९८५) मधील त्यांचा वापर प्रसिद्ध आहे, जरी तेथे कोणी सफरचंद शोधत नाही. दुसरी वाट संश्लेषित द्रव्यांची. फ्रुक्टोन हे कीटल गोड, फळासारखे असते, पण आम्लधर्मी माध्यमात टिकत नाही. मॅन्झनेट हे इथिल २-मिथिलपेंटॅनोएट तीव्र असून अल्प मात्रेतच वापरतात. व्हर्डॉक्स अर्धे फळ, अर्धे लाकूड असे वाटते व साबण-डिटर्जंटांत चालते. रोजच्या वापरातील शाम्पू-साबणांतले ‘सफरचंद’ बरेचदा अशाच द्रव्यांच्या जुळणीचे असते.

प्रसिद्ध उत्पादनांपैकी बॉस बॉटल्ड (१९९८), डोल्चे अँड गबानाचे लाइट ब्लू (२००१), डीकेएनवायचे बी डिलिशस (२००४) आणि नीना रिचीचे नीना (२००६) यांत ही छटा उघडपणे सांगितली जाते. बाटलीचा आकार हा भरवशाचा पुरावा नव्हे: लोलिता लेम्पिका (१९९७) ची बाटली सफरचंदासारखी, सुगंध मात्र मुख्यतः ज्येष्ठमध व व्हायोलेटचा.

डॅमॅस्कोन व ट्रान्स-२-हेक्झेनाल यांमुळे त्वचेची अधिहर्षता (ॲलर्जी) संभवते. म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंध संघाने (इफ्रा) त्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातल्या आहेत. शिजवलेल्या सफरचंदाची छटा त्यामुळे फार कमी मात्रेत आणि इतर द्रव्यांच्या आधाराने बसवावी लागते.