मधुमेहसेवेतील रुग्णदृष्टी

देशाच्या मधुमेह कार्यक्रमाचे मोजमाप तपासण्यांच्या आणि नोंदणीच्या आकड्यांवर न थांबवता, आजार रोज सांभाळणाऱ्या माणसाच्या अडचणींवरून करण्याची पद्धत. डॉक्टरांसमोर वर्षाकाठी फार तर तास-दोन तास जातात. बाकी सगळे दिवस गोळी, सुई आणि जेवण यांचा मेळ रुग्ण व घरचेच घालतात. ‘डॉन-2’ या 17 देशांतील पाहणीत (भारतही त्यात होता) रुग्ण, नातेवाईक आणि उपचार करणारे अशा तिघांनाही प्रश्न विचारले गेले. आजाराचा जगण्यावर काय परिणाम होतो हे आपण विचारतो, असे सांगणारे डॉक्टर बरेच निघाले; आपल्याला तसे विचारले गेले, असे सांगणारे रुग्ण त्या मानाने कमी.

भारतातील राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये 100 जिल्ह्यांत सुरू झाला. 30 वर्षांवरील प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतात, उपकेंद्रात बोटातून रक्त घेतले जाते आणि साखर 140च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) वर आली की रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवतात. इथपर्यंत काम बऱ्यापैकी चालते.

खरी गळती त्यानंतरची. केंद्रातले मेटफॉर्मिन (साखर कमी करणारी नेहमीची गोळी) संपले की ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगतात. रोजंदारीवरच्या माणसाचा एक रोज बुडतो. दुसऱ्या खेपेलाही हात हलवत परतावे लागले, तर तो येणेच सोडतो. रजिस्टरात मात्र त्याचे नाव उपचाराखालीच राहते. म्हणून विचारायचा प्रश्न असा : गेल्या महिन्यात किती दिवस गोळीविना गेले? उपाशीपोटी बोलावून रक्त अकरा वाजता घेणे हीदेखील अशीच चूक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी दुसरी गोळी) घेणाऱ्याची साखर रांगेतच 70च्या खाली जाऊ शकते. तसे झाल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सगळीकडे सारखीच भरवशाची नसते. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आढळणाऱ्या भागांत या आजाराच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात आणि आकडा खोटा कमी येतो. अशा वेळी उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरच पाहावी लागते.

इन्सुलिनच्या मापातला घोटाळा तर थेट जिवावर बेततो. आपल्याकडे कुपीतल्या 1 मिलिलिटरमध्ये साधारणपणे 40 युनिट असतात, इन्सुलिन टोचण्याच्या पेनमध्ये बसणाऱ्या कार्ट्रिजमध्ये 100. लाल टोपणाची 40ची सिरिंज कार्ट्रिजमध्ये खुपसून 10च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर अंगात 25 युनिट जातात. घरी फ्रीज नसेल तर कुपी बंद डबीत घालून ती मातीच्या मडक्यात, भोवती ओली वाळू ठेवून सांभाळता येते. बर्फाला टेकवलेले इन्सुलिन गोठून वाया जाते, आणि पुष्कळांना हे कुणी सांगितलेलेच नसते. रोज त्याच जागी सुई टोचल्याने कातडीखाली गाठ धरते, तिथून औषध नीट शोषले जात नाही आणि डोस उगाच वाढवला जातो. सुई टोचतो ती जागा हाताने चाचपून पाहणे यासाठीच.

पाय बधिर झाले आहेत का, ही तपासणी वर्षातून एकदा व्हायची असते. गर्दीत चपला काढायला सांगणेच राहून जाते. रुग्णाला डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा आणि जाणवते का ते विचारायचे. दोन-तीन मिनिटांचे काम, वीजही लागत नाही.