पार्श्वभूमी : झुरळाची नवी ‘जाती’ की ‘प्रजाती’?

राधानगरी, दाजीपूर, आंबा, चंदगड या पट्ट्यात पाल, बेडूक किंवा खेकडा नव्याने नोंदला गेला की कोल्हापुरात त्याचे कौतुक होते. झुरळाचे नाव काढले की मात्र लोक हसतात. ‘नवी कशाला, घरातली जुनीच आवरेनात.’ जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. माणसाच्या घरात मुक्कामाला आलेल्या त्यातल्या जेमतेम तीस. बाकीच्या पालापाचोळ्यात, झाडाच्या सालीखाली, ओंडक्यात, गुहेत राहतात आणि मोरीकडे फिरकतही नाहीत. नवे काही मिळायचे तर यांच्यातच मिळते.

वर ‘जाती’ हा शब्द जाणून वापरला आहे, कारण सगळा गुंता तिथेच आहे. शाळेच्या पुस्तकातली उतरंड आठवा : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. या हिशेबाने पेरिप्लॅनेटा ही प्रजाती आणि पेरिप्लॅनेटा अमेरिकाना, म्हणजे घरातले मोठे तांबूस झुरळ, ही तिच्यातली एक जाती. इंग्रजीतल्या जीनसला प्रजाती, स्पीशीजला जाती. वर्तमानपत्रात मात्र सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते आणि सांगायचे असते स्पीशीजबद्दल. पुस्तक नीट वाचलेल्या नववीच्या मुलाने त्याचा सरळ अर्थ लावला तर एक अख्खी जीनस नवी निघाली असे होईल. तो दावा फार मोठा आहे. जीनस नवी ठरवायची तर भोवतालच्या सगळ्या जीनसांची हद्द पुन्हा आखून दाखवावी लागते.

हा घोळ बहुधा हिंदीतून आला. तिकडे स्पीशीजला प्रजाति म्हणतात आणि जीनसला वंश. ‘वंश’ हा शब्द मराठीतही काही ठिकाणी जीनससाठी वापरलेला आढळतो, त्यामुळे दोन पायऱ्यांसाठी तीन शब्द होऊन बसले. दुसरे कारण कुणी उघड बोलत नाही. ‘नवी जात सापडली’ असा मथळा द्यायला संपादक कचरतो, ‘प्रजाती’ त्याला सोवळा वाटतो. त्यात आपल्याकडे ऊस. शिरोळ-करवीरच्या शेतकऱ्याला जात म्हणजे को ८६०३२, म्हणजे वाण. तो स्पीशीजच्याही खालचा. एकच शब्द शेतात एका पायरीवर आणि शाळेत दुसऱ्या. माझ्या मते पाठ्यपुस्तकाचा शब्दच बरोबर आहे. संकोच वाटतो म्हणून शास्त्रातली पायरी बदलता येत नाही.

‘सापडली’ हाही तसा फसवा शब्द. जंगलात सापडणे ही सुरुवात, आणि कधी कधी तेवढ्यावरच काम थांबते. नमुना गोळा झाल्यापासून त्याचे शास्त्रीय वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षे जातात, असा सर्व सजीवांचा मिळून हिशेब २०१२ मध्ये मांडला गेला. तोवर नमुना अल्कोहोलच्या बाटलीत पडून असतो. नाव मिळते ते वर्णन प्रसिद्ध झाल्यावर.

या वर्णनांची सुरुवात १७५८ ची. त्या वर्षी निघालेल्या, स्वीडनच्या लिनियसच्या ग्रंथात तेव्हा ठाऊक असलेली झुरळे ‘ब्लाट्टा’ या एकाच नावाखाली होती; पेरिप्लॅनेटा वेगळी झाली १८३८ मध्ये. १८६८ मध्ये लंडनच्या संग्रहालयाची झुरळांची यादी निघाली. तिच्यात रंग, पंखांची लांबी अशी चार-दोन वाक्ये लिहून ढीगभर नावे दिली होती. पुढे त्यातली कितीतरी आधीच्याच जातींची निघाली. भारतातून गेलेले त्या काळातले मूळ नमुने आजही युरोपातच आहेत, म्हणून इथल्या अभ्यासकाला आपले झुरळ खरेच नवे का हे पाहायला तिकडचे फोटो मागवावे लागतात.

रंगावर भागत नाही, कारण झुरळाची खरी ओळख नराच्या शेपटाकडच्या टोकात दडलेली असते. ते टोक कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवून मऊ भाग काढून टाकतात आणि उरलेले जननावयवांचे कठीण तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डावी-उजवी बाजू सारखी नसते, त्यातल्या हुकासारख्या आकड्यांचे वळण जातीगणिक वेगळे. नुसती मादी किंवा पिल्लू हाती लागले तर बहुतेक वेळा थांबावे लागते. महाविद्यालयांतून विच्छेदन जवळजवळ हद्दपार झाले. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच, पण झुरळ उघडून पाहायची सवय असलेले हातही त्याबरोबर कमी झाले. २००३ पासून डीएनए बारकोडची, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून ओळख पटवण्याची, जोड मिळाली. त्याने शंका येते, शिक्कामोर्तब मात्र अजून त्या टोकावरच होते.

प्राण्यांना नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम अलीकडे घट्ट झाले. २००० पासून नव्या जातीसाठी होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचे बांधले जाते तो, किंवा तशा नमुन्यांचा संच (सिनटाइप) नेमणे सक्तीचे आहे. २०१२ पासून फक्त ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकातले नावही चालते, आधी नोंदणी केलेली असेल तर. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ ने नवा जीव कळवणे आणि त्याचे नमुने केंद्राने ठरवून दिलेल्या भांडारात जमा करणे बंधनकारक केले. नियमांसारखी उतरंडही हलते : २००७ च्या डीएनए अभ्यासानंतर वाळवीही झुरळांच्याच गणात गेली. ते आजही सगळ्यांच्या पचनी पडलेले नाही.

सगळ्यात मोठी गंमत २०२४ ची. खानावळीच्या ओट्यामागे पळणाऱ्या बारक्या झुरळाचे नाव ब्लाटेला जर्मॅनिका. ते १७६७ मध्ये दिलेले. १७ देशांतल्या २८१ झुरळांच्या डीएनएवरून निघाले की ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात एका रानटी जातीपासून वेगळे झाले. तरी जर्मॅनिका हे नाव आधीच दिलेले असल्याने झुरळ नावाने जर्मनच राहील. ज्या रानटी जातीपासून ते आले, तिचे वर्णन १९८१ पर्यंत कुणी केलेले नव्हते, आणि झाले तेही जपानच्या ओकिनावातल्या नमुन्यांवरून.