नुकसानभरपाईच्या दाव्यातील पाळत

कामावर जखमी झालेल्या कामगाराने नुकसानभरपाई मागितल्यावर, तो सांगतो तितकी दुखापत खरोखर आहे का हे पाहण्यासाठी विमा कंपनीने त्याच्या नकळत ठेवलेली नजर म्हणजे ही पाळत. दुरून काढलेले फोटो, मोबाइलवरचे चित्रण, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आडून केलेली चौकशी आणि फेसबुकवरची छायाचित्रे ही तिची नेहमीची साधने. भोसरी, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव, रांजणगाव हा पुण्याभोवतीचा पट्टा प्रेस मशीन, क्रेन, कंटेनर आणि परांच्यांवर चालतो. त्यामुळे हा विषय इथल्या कामगार वस्त्यांना परका नाही.

सगळ्याच कामगारांचा विमा कंपनीशी संबंध येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत 21,000 रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेले कामगार येतात. त्यांचा दावा ही योजना चालवणाऱ्या महामंडळाकडे जातो, उपचार बिबवेवाडी किंवा चिंचवडच्या मोहननगर इथल्या रुग्णालयात होतात आणि अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते. तिथे देखरेख आहे, पण ती उघड आहे: 1948च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या (तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) कलम 64मधील तरतुदीनुसार लाभ घेणाऱ्याने उपचार चालू ठेवायचे, बरे होण्यात अडथळा येईल असे काही करायचे नाही आणि परवानगीशिवाय उपचाराचे क्षेत्र सोडायचे नाही. विमा कंपनीचा तपासनीस येतो तो या योजनेबाहेरच्यांकडे. त्यात जास्त पगाराचे कुशल कामगार, ठेकेदाराकडचे सेंट्रिंगवाले आणि वाहनाच्या पॉलिसीतून भरपाई मागणारे ट्रकचालक व क्लीनर येतात.

या मंडळींचे दावे 1923च्या भरपाई कायद्याने चालत आले. तो कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. पाळतीचा सगळा अर्थ त्यातल्या हिशेबात आहे. कायम पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणक, अशी रक्कम निघते. वेतनाची मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून 15,000 रुपये आणि तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. अपंगत्व अंशतः असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितका त्यातला वाटा. तीस टक्क्यांना 5,61,546. तेच पंधरावर आणले की कंपनीचे 2,80,773 रुपये वाचतात. दोन-चार दिवस माणूस मागे लावण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

प्रेसखाली बोट गेलेल्या कामगाराच्या मागे कॅमेरा सहसा लागत नाही, कारण त्याचा उपयोग नाही. 1923च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टापासून अंगठा गेल्यास 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास 14 टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास 50 टक्के, असे आकडे ठरलेले आहेत. तुटलेले बोट चित्रणाने परत येत नाही. पाळत असते ती पाठीचा मणका, खांदा, दबलेली शीर, डोक्याचा मार अशा परिशिष्टात न बसणाऱ्या दुखापतींवर. तिथे टक्केवारी डॉक्टरच्या मूल्यमापनावर ठरते आणि वेदना कागदावर दिसत नाही. ज्याचे दुखणे डोळ्यांना दिसत नाही, त्यालाच खोटारडेपणाच्या संशयाला तोंड द्यावे लागते, हा या पद्धतीतला सर्वांत मोठा अन्याय आहे.

बीड, लातूर, नांदेडकडून आलेला कामगार जायबंदी झाला की बहुधा गावी जातो, कारण काम नसताना खोलीचे भाडे परवडत नाही. तपासही मग गावापर्यंत जातो. समजा, स्लॅबवरून पडून उजवा खांदा निकामी झालेला एक सेंट्रिंग कामगार आहे. मोटारसायकलवर एक अनोळखी माणूस येतो, पारावर पत्ता विचारतो, ‘सध्या कामाला जातो का हो हा?’ असे सहज विचारून जातो. हापशावर कामगार घागर उचलतो, तेवढे चाळीस सेकंद मोबाइलमध्ये येतात. घागर त्याने डाव्या हाताने उचलली, उजवा फक्त टेकवला होता, दाराशी पोचेपर्यंत ती दोनदा खाली ठेवली आणि रात्री बायकोने खांदा शेकला, यातले काहीच त्यात येत नाही. अहवालात वाक्य उरते: ‘दावेदार घरगुती कामे सहज करताना आढळला.’

हे वाक्य खरे धरले तरी कायद्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. कायदा विचारतो की कमावण्याची क्षमता किती गेली. घागर उचलता येते का, हा त्याचा प्रश्नच नव्हे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबट या 1976 साली प्रसिद्ध झालेल्या निकालात कोपराच्या वर डावा हात गेलेल्या सुताराचे अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. त्या सुताराला उरलेल्या हाताने पिशवी उचलताना कोणी टिपले असते, तरी निकाल बदलायला नको होता. शंका असेल तर सरळ मार्गही आहे: 1923च्या कायद्यात कलम 11मध्ये असलेल्या तरतुदीप्रमाणे मालक मोफत वैद्यकीय तपासणी सुचवू शकतो, आणि कामगाराने ती नाकारली तर त्याचा हक्क स्थगित होतो. हा मार्ग असताना लपून चित्रण करण्याचे समर्थन फार थोड्या प्रकरणांत होऊ शकते. खोटे दावे होतातच, ते पकडायलाही हवेत. पण त्यासाठी नियम लागतात आणि ते भारतात नाहीत.

खासगी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण आणणारे विधेयक 2007 साली राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा झाला नाही. पाठलागाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचे कलम 78, पुरुषाने स्त्रीचा केलेल्या पाठलागापुरताच आहे, त्यामुळे पुरुष कामगाराला त्याचा आधार नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. सरकारी विमा कंपन्या राज्यसंस्थेत मोडतात, म्हणून निदान त्यांच्या विरोधात हा मुद्दा ठामपणे मांडता येतो. स्वित्झर्लंडमध्ये असाच वाद स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. अपघातग्रस्त महिलेवर विमा संस्थेने ठेवलेली पाळत स्पष्ट कायद्याअभावी खासगी जीवनाच्या हक्काचा भंग करते, असा निकाल 18 ऑक्टोबर 2016 रोजी लागला. तिथे मग कायदा झाला, 2018च्या सार्वमतात तो टिकला. त्यात सहा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवस निरीक्षण आणि नंतर संबंधिताला ते कळवण्याचे बंधन आहे.

पुण्यातल्या कामगारासाठी खरी लढाई पुराव्याच्या टप्प्यावर होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63प्रमाणे चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. तपासनिसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावून किती तास नजर ठेवली, किती चित्रण केले, त्यातले किती गाळले, हे उलटतपासणीत विचारता येते. कापलेला तुकडा न स्वीकारता संपूर्ण चित्रण मागण्याचा अर्ज सुरुवातीच्या तारखांनाच द्यावा. 1923च्या कायद्यात कलम 30खाली येणारे उच्च न्यायालयातले अपील कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नापुरतेच असते, आणि चाळीस सेकंदांवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न बहुधा खालीच संपतो.