वेबसाइटवर पैठणी पाहून दुकानात येताय? मग एवढं वाचा

मनमाडला उतरून शिर्डीला जाताना येवला वाटेतच लागतं. त्यामुळे बरीच मंडळी मोबाइल पुढे करत आमच्या इथल्या दुकानात शिरतात, “ही काढा.” आणि ती साडी सकाळीच कुरिअरने गेलेली असते.

घोटाळा होतो तो कार्टपाशी. कार्टमध्ये टाकलेली साडी तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते. सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या पैठणीचे एकसारखे बरेच नग येतात, तिथे अडचण नाही. हातमागाची पैठणी मात्र एकच असते. पदर भरगच्च असेल तर विणकराचे महिने जातात. फोटोतली आणि कपाटातली साडी एकच. म्हणून येण्याआधी साडीखालचं ‘दुकानात पाहायची आहे’ हे बटण दाबा. साडीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लागते, वेबसाइटवरून साडी उतरते आणि दोन दिवस कोणाला दाखवलीही जात नाही. याचे पैसे पडत नाहीत. स्क्रीनशॉटपेक्षा फोटोखालचा नंबर लिहून आणा. निळ्या मोराच्या पैठण्या आमच्याकडे ढिगाने आहेत.

ऑनलाइनचा माल वेगळा का ठेवत नाही, असं विचारतात. ठेवला तर चांगले नग एकीकडे जातील आणि दुसरीकडच्या गिऱ्हाइकाला उरलंसुरलं मिळेल. भावही दोन्हीकडे एकच, तेव्हा घासाघीस नको.

रंगाचं म्हणाल तर फोटोवर फार जाऊ नका. ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा; बाणा, म्हणजे आडवा, दुसऱ्या. साडी हलली की छटा बदलते, फोटोत एकच दिसते. दुकानात आलात तर दारापाशी उजेडात नेऊन बघा. पदर उलटाही करा. हातमागाच्या पदरावरची नक्षी मागूनही सुबक असते, कापलेले दोरे लोंबत नाहीत. यायला जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर उलटी बाजू दाखवतो. दुसरीकडे घेणार असाल तरी ती आवर्जून मागा.

ऑनलाइन घेतलेली साडी सात दिवसांत दुकानात बदलून मिळेल, बिल मोबाइलवर असलं तरी चालतं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार परतीच्या अटी वेबसाइटवर दिलेल्या आहेत. त्यातली एकच इथे सांगतो. फॉल-बीडिंग झालेली किंवा ब्लाउजपीस कापलेली साडी परत घेता येत नाही. घरात सगळ्यांना दाखवून घ्या, मगच फॉल लावा. तोही आम्ही लावून देतो.

रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसते. लग्नाची खरेदी असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी या.