अमेरिकी दूरचित्रवाणीवरील आइस हॉकी : चौथ्या क्रमांकाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील व्यावसायिक सांघिक खेळांची नावे घेताना अमेरिकन फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल यांच्यानंतर आइस हॉकीचा उल्लेख करण्याचा प्रघात जुना आहे. बोस्टन, डेट्रॉइट किंवा बफेलो या शहरांत मात्र हा चौथा क्रमांक कोणालाही पटणार नाही. तेथे रिंकभोवतीची, म्हणजे बर्फाच्या मैदानाभोवतीची, आसने भरतात आणि ज्यांना तिकीट मिळत नाही ते घरी स्थानिक वाहिनीसमोर बसतात. तरीही हाच खेळ देशव्यापी वाहिनीवर आला की प्रेक्षकसंख्या रोडावते. याचे खापर बहुधा पकवर, म्हणजे कॅरमच्या स्ट्रायकरहून मोठ्या आणि जाड अशा त्या काळ्या रबरी चकतीवर फोडले जाते. जुन्या, जवळजवळ चौकोनी पडद्यावर ती दिसत नसे, हे खरेच आहे. परंतु सहा-सात दशकांचा इतिहास पाहिला तर पकपेक्षा लीगच्या निर्णयांनी आणि प्रेक्षकांच्या शहरनिष्ठेने ही प्रेक्षकसंख्या अधिक ठरवली, असे दिसते.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, १९१७ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे स्थापन झाली आणि १९२४ मध्ये बोस्टनच्या रूपाने तिला पहिला अमेरिकी संघ मिळाला. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये सहाच संघ होते. त्यांपैकी चार अमेरिकेतले असले तरी ते बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो या उत्तरेकडील शहरांचे होते, त्यामुळे दक्षिणेतील आणि पश्चिमेतील प्रेक्षकाला आपला म्हणावा असा संघच नव्हता. १९५७ मध्ये सीबीएस या देशव्यापी वाहिनीने शनिवारी दुपारी सामने दाखवण्यास सुरुवात केली. प्रक्षेपणाच्या पैशातील वाटा आणि निवृत्तिवेतन या प्रश्नांवर डेट्रॉइटचा टेड लिंडसे याने त्याच वर्षी खेळाडूंची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची रवानगी शिकागो संघात करण्यात आली. १९६० पर्यंत हे प्रक्षेपणही थांबले.

१९६७ मध्ये लीगने एका दमात सहा नवे संघ घेतले, त्यामागे देशव्यापी प्रक्षेपणाचा करार मिळवण्याचा हिशेब होता. लॉस एंजेलिस आणि ओकलंड यांची निवड बर्फासाठी झाली नव्हती. पश्चिम किनाऱ्यावर संघ असल्याशिवाय वाहिन्या दाद देणार नाहीत, हे मालकांना उमगले होते. सीबीएस परतली आणि १९७२ मध्ये हक्क एनबीसी या दुसऱ्या मोठ्या वाहिनीकडे गेले. ऑफसाइड आणि आयसिंग हे नियम नवख्यांना समजावेत म्हणून एनबीसीने ‘पीटर पक’ नावाचे बोलके कार्टून दोन सत्रांच्या मधल्या वेळात दाखवले. ते लोकांच्या लक्षात राहिले, पण १९७५ मध्ये एनबीसीने हॉकी सोडून दिली.

२२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिड येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या अमेरिकी संघाने बलाढ्य सोव्हिएत संघाला ४-३ असे हरवले. सामना संध्याकाळी पाच वाजता झाला आणि एबीसीने तो रात्री ध्वनिचित्रमुद्रित स्वरूपात दाखवला, तरीही सारा देश पडद्यासमोर बसला होता. एवढ्या लाटेनंतर एनएचएलचे दिवस पालटायला हवे होते. घडले उलटे. त्याच वर्षी मे महिन्यात सीबीएसने अंतिम मालिकेतील सहावा सामना दाखवला आणि त्यानंतर जवळजवळ दशकभर मोठ्या वाहिन्यांवर एनएचएलला जागाच उरली नाही. खेळ केबलवर गेला. ऑगस्ट १९८८ मध्ये वेन ग्रेट्झ्की एडमंटन सोडून लॉस एंजेलिसला आला, म्हणजे ज्या बाजारपेठेसाठी लीग वीस वर्षे धडपडत होती तिथे सर्वांत मोठा तारा आयता येऊन बसला. त्याच हंगामापासून लीगने अधिक रकमेच्या मोहाने देशव्यापी हक्क ईएसपीएन या केबलवरील क्रीडावाहिनीकडून काढून स्पोर्ट्सचॅनल अमेरिकाला दिले, जी वाहिनी ईएसपीएनच्या मानाने कितीतरी कमी घरांत दिसत असे. लीगच्या इतिहासात याहून महागडा मोह सापडणे कठीण आहे.

१९९३ मध्ये गॅरी बेटमन लीगचे पहिले आयुक्त झाले आणि पुढच्या वर्षी फॉक्सशी पाच वर्षांचा १५.५ कोटी डॉलरचा करार झाला. जून १९९४ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने ५४ वर्षांनी स्टॅन्ले चषक, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकला होता, त्यामुळे वेळही अनुकूल होती. मात्र ऑक्टोबरमध्ये मालकांनी टाळेबंदी केली, म्हणजे खेळाडूंना कामावर येऊ दिले नाही, आणि हंगाम ४८ सामन्यांपुरता उरला. फॉक्सने मग पक दिसत नाही या तक्रारीवर तांत्रिक तोडगा काढला. पक मधोमध कापून आत बॅटरी, इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि अवरक्त किरण सोडणारे दिवे बसवायचे आणि दोन्ही भाग पुन्हा चिकटवायचे, अशी ती योजना होती. जानेवारी १९९६ मध्ये बोस्टनच्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या, सामन्यात प्रेक्षकांना पकभोवती निळसर वलय दिसले. वेग ताशी ७० मैलांपुढे गेला की तिच्यामागे लाल शेपूट उमटत असे. जुन्या चाहत्यांना हा पोरखेळ वाटला, आणि कॅनडात तर त्याची यथेच्छ टिंगल झाली. नवख्यांना त्याची मदत होत होती, हे मात्र टीकाकारांनी फारसे लक्षात घेतले नाही. १९९८ मध्ये हा प्रयोग बंद पडला, पण त्यामागच्या अभियंत्यांनी त्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पिवळी आभासी रेषा आणली, आणि ती आजही कोणाला खटकत नाही.

एबीसी आणि ईएसपीएन यांच्या ६० कोटी डॉलरच्या करारानंतर २००४-०५ चा संपूर्ण हंगाम टाळेबंदीने गिळला. ईएसपीएनने करार वाढवला नाही. बैलस्वारी आणि सायकल शर्यत दाखवणारी आउटडोअर लाइफ नेटवर्क ही वाहिनी लीगचे मुख्य घर बनली, तर एनबीसीने आगाऊ रक्कम न देता केवळ उत्पन्नात वाटा देण्याच्या बोलीवर सामने घेतले. मे २००७ मध्ये ऑटावा आणि बफेलो यांच्यातील बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत जाताच, एनबीसीने प्रीकनेस या घोड्यांच्या शर्यतीसाठी प्रक्षेपण सोडून तो केबलवर ढकलला. अंतिम मालिकेत कॅनडाचा संघ असला की अमेरिकी वाहिनीचे आणखी नुकसान होते, कारण त्या संघाचे चाहते अमेरिकी प्रेक्षकगणनेत धरलेच जात नाहीत.

त्याच सुमारास परिस्थिती सुधारूही लागली. रुंद पडद्यांच्या एचडी संचांनी पकचा जुना प्रश्न कोणताही गाजावाजा न करता बऱ्याच अंशी सोडवला. १ जानेवारी २००८ रोजी बफेलोच्या उघड्या फुटबॉल स्टेडियममध्ये, पडत्या बर्फात आणि ७१,२१७ प्रेक्षकांसमोर ‘विंटर क्लासिक’ खेळला गेला आणि नववर्षदिनी लीगला हक्काची जागा मिळाली. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमधील कॅनडा-अमेरिका अंतिम सामना अमेरिकेत २ कोटी ७६ लाख लोकांनी पाहिला. १९८० नंतर तेथे हॉकीला एवढा प्रेक्षक लाभला नव्हता. पुढच्याच वर्षी एनबीसीने दहा वर्षांसाठी सुमारे २०० कोटी डॉलर मोजले. २०२१ मध्ये हक्क ईएसपीएन आणि टर्नर या वाहिनीसमूहात विभागले गेले, तेव्हा वार्षिक रक्कम ६० कोटी डॉलरच्या पुढे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना ईएसपीएनवर ९३ लाख लोकांनी पाहिला, आणि तोही कॅनडा-अमेरिका असाच होता. अंगावर देशाची जर्सी असली की अमेरिका हॉकी पाहते. एरवी जो तो आपल्या शहराचा संघ पाहतो.

हा शहरी प्रेक्षक ज्या प्रादेशिक केबल वाहिन्यांवर पोसला गेला, त्याच आता डळमळल्या आहेत. लोक केबलची जोडणी तोडू लागले आणि मार्च २०२३ मध्ये अशा वाहिन्यांचा मोठा समूह चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी व्हेगास गोल्डन नाइट्सने आपले स्थानिक सामने अँटेनावर मोफत दिसणाऱ्या वाहिनीकडे वळवले, आणि पाठोपाठ २०२४ मध्ये फ्लोरिडा पँथर्सनेही तोच मार्ग धरला.