घोडबंदर रस्ता

घोडबंदर रस्ता हा महाराष्ट्रातील ठाणे जिल्ह्यातला शहरी राज्य महामार्ग (क्र. ४२) आहे. बोलीभाषेत तो ‘घोडबंदर रोड’ म्हणूनच ओळखला जातो. ठाण्यातील माजिवडा-कापूरबावडी नाक्यावरून निघून तो वसई खाडीच्या काठावरील घोडबंदर गावापर्यंत जातो आणि तिथल्या फाउंटन नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. लांबी सुमारे २० किमी. माजिवड्याला मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि नाशिककडे जाणारा महामार्ग एकमेकांना भेटतात. त्यामुळे साष्टी बेटाच्या (मुंबईची उपनगरे आणि ठाणे याच बेटावर आहेत) ईशान्य कोपऱ्याला वळसा घालणारा हा रस्ता नाशिक, पुणे आणि गुजरात या तिन्ही दिशांच्या वाहतुकीला जोडून देतो. त्याचे महत्त्व आणि त्याच्या अडचणी, दोन्हींचे मूळ इथेच आहे.

ठाण्याहून निघाल्यावर डाव्या हाताला येऊरचे डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि उजव्या हाताला उल्हास नदीची खाडी लागते; पुढे तीच वसईची खाडी. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीतून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा, गायमुख अशी वस्ती पसरली आहे. गायमुखपाशी डोंगर थेट खाडीपर्यंत उतरतो, पट्टी संपते आणि रस्ता पश्चिमेकडे वळून घाटात शिरतो. पुढे चेणे गाव, जंगलातून येणारी चेणे नदी आणि काजूपाडा मागे टाकून तो घोडबंदरला पोहोचतो. गायमुखपर्यंतचा भाग ठाणे महापालिकेच्या हद्दीत, त्यापुढचा मीरा-भाईंदरच्या.

ही गावांची नावे नीट ऐकली तर रस्त्याचा इतिहास अर्धा कळतो. मानपाडा, पातलीपाडा, भाईंदरपाडा, काजूपाडा ही नावे डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांची आठवण ठेवतात. नागलाबंदर आणि खुद्द घोडबंदर ही नावे खाडीतल्या गलबतांच्या दिवसांची. कापूरबावडीत तर पाण्याची बावडी नावातच टिकली आहे. आज त्याच नावांचे फलक तीस-तीस मजली इमारतींच्या पायथ्याशी उभे आहेत.

घोडबंदर हे नाव इथे उतरणाऱ्या घोड्यांवरून पडले असे मानतात. अरबस्तानातून समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा व्यापार कोकणच्या बंदरांतून मोठा चाले. खाडीच्या मुखाशी वसई, आत ठाणे आणि मधोमध घोडबंदर अशी ही साखळी असल्याने ज्याच्या हाती घोडबंदर, त्याची या जलमार्गावर नजर. पोर्तुगीजांनी येथील टेकडीवर किल्ला बांधला तो याच कारणाने. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा घोडबंदरही त्यांच्या ताब्यात आले. दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, वसईही पडली. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. टेकडीवरचा किल्ला आजही उभा आहे. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो ठाऊक असतो, ही खेदाची गोष्ट आहे, कारण रस्त्याला नाव देणारी जागा तीच.

नावाचा एक घोटाळा येथे दूर करायला हवा. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतला आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे एस. व्ही. रोड, पूर्वी ‘घोडबंदर रोड’ म्हणूनच ओळखला जाई. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाल्यावर मुंबई बेट वांद्र्याशी जोडले गेले, आणि वांद्र्याहून उत्तरेला जाणारी वाट घोडबंदरच्या दिशेने जात होती. म्हणजे एकाच बंदराकडे दोन बाजूंनी दोन रस्ते येत होते. मुंबईकडच्या रस्त्याचे नाव बदलले, ठाण्याकडच्याचे राहिले. जुन्या कागदपत्रांत ‘घोडबंदर रोड, वांद्रे’ किंवा ‘अंधेरी’ असा पत्ता दिसला तर तो मुंबईकडचा रस्ता समजावा.

रेल्वे आल्यावर खाडीतल्या मालवाहतुकीचे महत्त्व ओसरले. रस्ता बराच काळ अरुंद आणि शांत होता. दोन्ही बाजूंना भातशेती, खाडीकडे रेतीचे बंदर, कोलशेत-बाळकुमच्या बाजूला कारखाने. पालट झाला तो १९९० नंतर. मुंबईतल्या घरांच्या किमती हाताबाहेर गेल्या, कारखान्यांच्या जागा मोकळ्या होऊ लागल्या आणि डोंगर-खाडीमधल्या पट्टीत मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली. वाहतूक वाढली तसे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळामार्फत ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर रुंदीकरण झाले आणि गायमुखजवळ टोलनाका बसला. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ येथे उड्डाणपूल झाले.

तरीही कोंडी सुटली नाही. जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर ट्रेलर आणि शाळा-कचेरीला निघालेले रहिवासी एकाच डांबरावरून जातात. गायमुख घाटाचा चढ-उतार, तिथले खड्डे आणि पावसात उखडणारा पृष्ठभाग यामुळे एक अवजड वाहन बंद पडले तरी रांग कासारवडवलीपर्यंत येते. सार्वजनिक बांधकाम विभाग, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए), दोन महापालिका, वनखाते आणि दोन पोलीस आयुक्तालये यांच्यात कामे विभागली गेली आहेत. रस्ता एकाच यंत्रणेकडे द्यावा ही रहिवाशांची मागणी त्यातून आली आहे, आणि ती रास्त आहे. अवजड वाहनांवर ठरावीक वेळेत बंदी घातली जाते, पण पर्यायी चिंचोटी-कामण-अंजूरफाटा मार्गही अरुंद असल्याने भार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सरकतो इतकेच.

घाटातला भाग जंगलाला लागून आहे. बिबट्या, सांबर, मुंगूस यांची ये-जा या रस्त्यावरून होते आणि वाहनांच्या धडकेत बिबटे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात वनखात्याची परवानगी अडसर म्हणून मांडली जाते. प्रत्यक्षात वन्यजीवांसाठी सुरक्षित वाट आराखड्यातच आखणे हे रस्त्याच्या कामाचाच भाग मानायला हवे.

सध्या रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे आहेत. वडाळा-कासारवडवली ही मेट्रो ४ मार्गिका सुमारे ३२ किमी लांबीची असून तिचा ४अ हा टप्पा गायमुखपर्यंत जातो. या भागातील पहिली चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये झाली. राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणाऱ्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे (प्रकल्पाची लांबी ११.८ किमी) भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. बोरिवलीला जाण्यासाठी घोडबंदरचा वळसा घ्यावा लागतो, तो त्यामुळे वाचेल. बाळकुम ते गायमुख असा खाडीकिनारा मार्गही आखला आहे. घोडबंदरच्या टोकाला वसई खाडीवर २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला आणि गुजरातकडची बाजू काहीशी मोकळी झाली. ठाण्याकडची बाजू अजून मेट्रोच्या बॅरिकेडमधून वाट काढते आहे.